अजिंठ्याच्या चित्रातून खरं जहाज कसं बनलं? एकही खिळा न ठोकलेल्या नाळेची गोष्ट

समजा, तुमच्याकडे एका ॲपचा फक्त स्क्रीनशॉट आहे. सोर्स कोड नाही, ते बनवणारेही आता नाहीत. तरी ॲप पुन्हा बनवून चालवून दाखवायचंय. भारतीय नौदलाच्या 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या जहाजाचं साधारण असंच झालं. आणि तो 'स्क्रीनशॉट' छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किमीवर आहे: अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मधलं, पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र.

चित्रात काय आहे, काय नाही?

तीन डोलकाठ्या, वर उचललेली दोन्ही टोकं, पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा आणि दिशा द्यायची वल्ही, एवढं दिसतं. पण चित्र एकाच बाजूनं आहे. जहाज किती रुंद, पाण्याखाली आकार कसा, फळ्या कुठे जुळतात, हे त्यात नाही.

नाळ अवघड का?

नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. लाट आधी तिथंच आदळते. नाळ फार बोथट असेल तर जहाज पाणी ढकलत बसतं आणि वेग कमी होतो. फार निमुळती केली तर ती लाटेत घुसते. शिवाय दोन्ही बाजूंच्या फळ्या वळत वळत इथं एकत्र येतात. म्हणजे लाकूड जास्त वाकवायचं आणि सांधाही पक्का हवा, तोही खिळ्याशिवाय.

मग जोडलं कसं?

१. फळ्यांना वाफ देऊन लाकूड मऊ केलं आणि हव्या त्या आकारात वाकवलं.
२. फळ्या एकमेकींना दोरानं शिवल्या.
३. सांधे नारळाचा काथ्या, राळ आणि माशाचं तेल वापरून बुजवले.

फायदा काय? लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवलेला सांधा मात्र लाटेबरोबर थोडा लवतो आणि भिजलेलं लाकूड फुगून फट आणखी घट्ट होते. आर्क्टिकमधले इन्युइट लोकही पूर्वी कातडी कायाकचा लाकडी सांगाडा बांधून जोडत. तोटा एकच: दोर कुजतो, त्यामुळे देखभाल सतत हवी.

टेस्टिंग कुणी केलं?

आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागासोबत नौदलानं छोट्या मॉडेलवर चाचण्या घेतल्या. पाण्यात हा आकार कसा वागेल, हे त्यातून तपासलं. बांधणी मात्र गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्समध्ये, केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी हातानं केली. म्हणजे चित्रात नसलेला कोड पूर्ण हरवला नव्हता. जहाज शिवायची पद्धत या हातांमध्ये शिल्लक होती. तीही गेली असती, तर सॉफ्टवेअरनं आकार दिला असता, पण टाका कसा घालायचा हे कोण सांगणार?

पुढे काय झालं?

- सप्टेंबर २०२३: बांधणी सुरू
- फेब्रुवारी २०२५: जहाज पाण्यात उतरलं
- २१ मे २०२५: कारवारला नौदलात दाखल
- २९ डिसेंबर २०२५: पोरबंदरहून मस्कतकडे रवाना
- १४ जानेवारी २०२६: मस्कतला पोहोचलं

सुमारे १९.६ मीटर लांबीच्या या जहाजाच्या नाळेवर आज सिंह-याळीची आकृती आहे.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर लेणी २ मध्ये हे जहाज नक्की शोधा. मोबाईलचा फ्लॅश मात्र बंद ठेवा, कारण ओरिजिनल फाईल ही एकच आहे आणि तिचा बॅकअप नाही.