वासरांची विक्री

गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर. गोठ्यावरच्या वासरांच्या भावाचे गणित येथूनच सुरू होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी, काष्टी, घोडेगाव येथील जनावरांच्या बाजारांत संकरित होल्स्टीन कालवडीला मागणी असते. आईचे दूध, वय, बांधा आणि ती गाभण आहे का, यांवर तिची किंमत ठरते. तिचाच भाऊ असलेला गोऱ्हा मात्र कवडीमोल: वशिंड जेमतेम, ऊन सोसत नाही, औताला टिकत नाही. खिलार खोंडाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली आणि चपळ खोंडाला पुन्हा शौकीन गिऱ्हाईक मिळाले.

नको असलेला गोऱ्हा कत्तलीलाही देता येत नाही: महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला कत्तलीपासून असलेले संरक्षण २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंनाही मिळाले. मध्य प्रदेशातही असाच २००४ चा गोवंश वध प्रतिषेध अधिनियम आहे. न्यूझीलंडमध्ये दुग्धव्यवसायातील बहुतेक नर वासरे काही दिवसांतच कत्तलखान्यात जातात. आपल्याकडे ती दुधावाचून खंगून दगावतात किंवा रस्त्यावर सोडली जातात. ही क्रूरता काही कमी नाही.

नर वासरे मुळातच कमी जन्मावीत, यासाठी कृत्रिम रेतनात लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरता येतात; त्या वापरल्यास सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात.