टूलवर्णन

टूलवर्णन : एआय एजंटला एखादे टूल कशासाठी आहे, ते कधी वापरायचे व कधी नाही, त्याला कोणती माहिती पुरवायची आणि ते परत काय देते, हे सांगणारा मजकूर. एजंट हे असे भाषिक मॉडेल असते, की जे नुसते उत्तर लिहून थांबत नाही. मध्येच बाहेरच्या प्रणालीकडे विचारणा करते, उतारा काढते, अर्ज भरते. टूलच्या मागचा प्रोग्राम त्याला सहसा दिसत नाही. नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचे याचा तक्ता (बहुधा जेसन स्कीमा) एवढ्यावरच ते निवड करते. ओपनएआयने जून 2023 मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ची, म्हणजे मॉडेलला टूल वापरू देण्याची, सोय दिली, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे टूले एजंटला जोडण्याचे खुले प्रमाण जाहीर केले. त्यानंतर एकाने लिहिलेले टूल भलत्याच कोणाच्या एजंटच्या हाती पडणे नित्याचे झाले आणि वर्णनात राहिलेली उणीव विचारून भरून घेण्याची सोय उरली नाही.

महाराष्ट्रात कृषी विभागाने 2025 मध्ये मराठीत प्रश्न विचारता येणारे महाविस्तार ॲप आणले. अशा सहायकांना सरकारी माहितीची टूले जोडायची झाल्यास वर्णनात काय काय यावे लागेल, हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या उदाहरणांवरून नीट कळते.

‘पाणीसाठा दाखवते’ असे दोन शब्दांचे वर्णन असलेले एक टूल घेऊ. शहापूर तालुक्यातील एकाने एप्रिलमध्ये विचारले, ‘आमच्याकडे पाण्याची काय परिस्थिती?’ एजंट हे टूल उचलेल, भातसा व तानसाचे आकडे वाचेल आणि साठा समाधानकारक असल्याचे कळवेल. प्रत्यक्षात ही धरणे शहापुरात असली तरी त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील कित्येक गावपाडे टँकरची वाट पाहतात. टूलने आकडा बरोबर दिला, तरी उत्तर चुकले. वर्णन असे हवे : ‘धरणातील उपयुक्त साठा देते. गावाच्या नळयोजनेची वा टँकरची स्थिती यातून कळत नाही. त्यासाठी टँकर-स्थितीचे टूल वापरावे. आकडे दशलक्ष लिटरमध्ये.’ शेवटचे वाक्य किरकोळ नाही. मुंबई महापालिका साठा दशलक्ष लिटरमध्ये देते (भातसाचा पूर्ण उपयुक्त साठा तिच्या तक्त्यात 7,17,037 आहे), तर जलसंपदा विभागाची भाषा दलघमीची (दशलक्ष घनमीटर). एक दलघमी म्हणजे एक हजार दशलक्ष लिटर. एकक लिहिले नाही, तर चूक थेट हजारपटीची.

‘कधी वापरू नये’ हे वाक्य लिहिणाऱ्याला सर्वांत कमी सुचते, आणि तेच सर्वांत उपयोगी पडते. दोन टूले शेजारशेजारची असली की ते टाळताच येत नाही. सातबाऱ्याचेच पाहा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा, स्वाक्षरी नसलेला उतारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याला 15 रुपये शुल्क पडते आणि कामाला तोच चालतो. दोन्ही टूलांवर ‘सातबारा मिळवा’ एवढेच लिहिले, तर बँकेत द्यायला उतारा मागणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याच्या हाती निरुपयोगी कागद येईल, किंवा नुसती नोंद पाहू इच्छिणाऱ्याचे पैसे कापले जातील. पैसे कापणाऱ्या, अर्ज दाखल करणाऱ्या टूलच्या वर्णनात ‘आधी वापरकर्त्याची संमती घ्यावी’ हे लिहायलाच हवे. पण तेवढ्यावर विसंबणे भाबडेपणाचे. खरा अडसर प्रोग्राममध्येच असावा.

क्षेत्राचा रकाना ही आणखी एक फसवी जागा. लोक गुंठ्यांत बोलतात, उतारा हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो. गुंठा सुमारे 101.17 चौरस मीटर, आर नेमका 100. फरक एवढा बारीक, की चूक झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रकान्याचे नाव नुसते ‘क्षेत्र’ न ठेवता ‘क्षेत्र_चौमी’ ठेवावे आणि गुंठे सांगितल्यास काय करायचे ते वर्णनात द्यावे. शहापूर नावाची ठिकाणे कर्नाटकातही आहेत. तेव्हा गाव नावाने न मागता जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने संकेतांकासह मागणे बरे.

रिकाम्या उत्तराचा अर्थही लिहून ठेवावा लागतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेल्या कातकरी वा ठाकूर कुटुंबाचे नाव भोगवटादारांच्या शोधात सापडेलच असे नाही. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘जमीन नाही’ असा एजंटने घेऊ नये, आणि सर्व्हर बंद असणे ही तर तिसरीच गोष्ट. तिला वेगळा संदेश हवा.

वर्णन किती लांब असावे याचा ठराविक नियम नाही. साध्या टूलला तीन-चार वाक्ये पुरतात. मात्र प्रत्येक वर्णन मॉडेलच्या वाचनाची जागा खाते, त्यामुळे पाल्हाळ महागात पडतो. वर्णन लिहिणाऱ्याने ते स्वतः वाचून पारखण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्याला टूलचे सारे आधीच ठाऊक असते. लोक विचारतात तसेच प्रश्न (‘आमच्या पाड्याला टँकर कधी येणार?’, ‘वारस नोंद झाली का?’) एजंटला घालावेत, कोणत्या प्रश्नाला त्याने कोणते टूल उचलले ते पाहावे आणि जिथे चुकले तिथले वाक्य बदलावे.