कातळावरील आद्य अक्षरे

गोमंतकाच्या इतिहासाचा आरंभ आपण सहसा भोज व कदंब राजवंशांपासून मानतो. ताम्रपट आणि शिलालेख हाती लागतात, तेथून इतिहास सुरू होतो, अशी आपली धारणा. परंतु लिपी अवतरण्यापूर्वीही या भूमीत माणूस वावरत होता. त्याची साक्ष कोठे शोधावयाची?

खानदेशात ती मातीने जपली. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषांची नक्षी असून तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. शहामृग हा रुक्ष, उघड्या माळांचा पक्षी. आजच्या शेतमळ्यांच्या जागी त्या काळी कोरडी गवताळ भूमी असावी, हे त्या इवल्याशा कवचावरून कळते.

गोव्याचे तसे नाही. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पाऊस मुसळधार. येथे हाडे अश्मीभूत होण्याआधीच विरून जातात. जे मातीने राखले नाही, ते मात्र कातळाने राखले. सांगे तालुक्यात कुशावतीकाठच्या पणसायमळ येथील जांभ्यावर कोरलेले गवे, बैल, हरणे, मोर, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखे वर्तुळ १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आले. वाट दाखविली ती गावकऱ्यांनी. सत्तरीतील माउशी येथे झरमे नदीच्या पात्रातही वशिंडाचे बैल कोरलेले आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर तर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. या चित्रांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र येथील प्राचीन प्राणिसृष्टीचा जीवाश्मांत न सापडणारा आलेख त्यांत आहे, हे निश्चित. २०२२ मध्ये पणसायमळसह कोकणातील नऊ स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला.

सडा म्हणजे ओसाड, निरुपयोगी जागा, हा समज मात्र अद्याप गेलेला नाही. डिचोलीत खाणींनी डोंगर पोखरले. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. विकास हवाच, पण कुदळ पडण्यापूर्वी कातळ एकवार निरखून पाहिला जावा, एवढी अपेक्षा गैर नाही. फाटलेले पुस्तक पुन्हा बांधता येते, हरवलेल्या ग्रंथाची दुसरी प्रत मिळू शकते. फुटलेल्या कातळाची दुसरी प्रत नसते. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वाचनालयाच्या सभासदांना हे अधिक सांगणे न लगे. आपापल्या गावच्या सड्यावर एखादी रेघ दिसली, तर ती पुसली जाण्याआधी जाणकारांच्या नजरेस आणावी, हीच विनंती.