भाकड म्हशीचा हिशोब: गोरेगावच्या आरेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा' फार झाले होते, ते थोडे कमी केलेत. सगळे नाही.

सुरुवात एका प्रश्नाने. "नोकरी सोडून गावी जाऊन चार म्हशी घेतल्या तर?" हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी मनात विचारलेला असतो. विशेषतः सोमवारी सकाळी, आठ-बाराच्या फास्ट लोकलमध्ये एका पायावर उभं असताना. मग आपण यूट्यूबवर दहा म्हशींच्या गोठ्याचा व्हिडिओ बघतो. रोज इतके लिटर, लिटरला इतका भाव, महिन्याला इतकी कमाई. गुणाकार एकदम सोपा.

त्या गुणाकारात एक आकडा नेहमी गाळलेला असतो. तो कुठला, हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. गोरेगाव पूर्वेला उतरा, आरेकडे जाणारी बस पकडा, आणि 'युनिट नंबर अमुक' असं लिहिलेल्या एखाद्या स्टॉपवर उतरा. आज आपण 'आरे' म्हटलं की मेट्रो कारशेड, बिबट्या आणि झाडं एवढंच आठवतं. पण हे 'युनिट' म्हणजे काय? तर गोठा. एका युनिटमध्ये साधारण पाचशे म्हशी. पत्त्यात अजूनही गोठ्याचा नंबर लिहिणारी ही मुंबईतली एकमेव वस्ती असावी!

म्हैस शहरात का राहायची?

शंभर वर्षांपूर्वीचा विचार करा. फ्रिज नाही, शीतकरण केंद्र नाही, टँकर नाही. मुंबईच्या उकाड्यात दूध काही तासांत नासतं. म्हणजे शहराला ताजं दूध हवं असेल, तर म्हैस शहरातच हवी. म्हणून गिरगावापासून भायखळ्यापर्यंत गल्लोगल्ली तबेले होते. शेण गटारात, माश्या घरात, आणि दुधात पाणी. पाणी कुठलं, ते विचारू नका.

या तबेल्यांत म्हशी यायच्या कुठून? गुजरातहून, पंजाब-हरियाणाकडून. मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा. ताजी व्यालेली, भरपूर दूध देणारी म्हैस निवडून रेल्वेने मुंबईला आणायची. म्हणजे गावाकडची सगळ्यात चांगली जनावरं शहराकडे निघायची. इथपर्यंत ठीक वाटतं. खरी गोष्ट पुढे आहे.

गाळलेला आकडा

म्हैस काही नळ नाही. ती व्याली की साधारण दहा महिने दूध देते. पुन्हा दूध हवं असेल तर ती पुन्हा गाभण राहायला हवी. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिन्यांच्या वर. व्याल्यानंतर चार-पाच महिन्यांनी ती गाभण राहिली, तर दोन वेतांमधलं अंतर होतं चौदा-पंधरा महिने. दूध दहा महिने. मग उरलेले चार-पाच महिने? त्या काळात ती असते भाकड. दूध शून्य, खाणं मात्र चालू.

आणि हे सगळं नीट जमलं तर! म्हशीचा माज ओळखणं सोपं नसतं. बऱ्याच म्हशी मुका माज दाखवतात, म्हणजे ना हंबरणं, ना धावपळ. तो एक माज हुकला की पुढचे एकवीस दिवस गेले.

आता तबेलेवाल्याच्या जागी बसा. समजा एका म्हशीच्या चाऱ्याला आणि खुराकाला दिवसाला तीनशे रुपये लागतात. हा आकडा फक्त हिशोबासाठी धरलाय. पाच महिने म्हणजे १५० दिवस, गुणिले ३००, झाले ४५,००० रुपये. एका म्हशीमागे. तेही मुंबईत, जिथे कडबा विकत, भुसा विकत, पेंड विकत, आणि म्हैस उभी राहते ती जागासुद्धा भाड्याची. मग तबेलेवाला काय करायचा? दूध आटलं की म्हैस खाटकाला विकायची आणि नवी ताजी व्यालेली म्हैस आणायची. चौथ्या-पाचव्या वयाची, अजून पाच-सहा वेतं देऊ शकली असती अशी म्हैस एका वेतात संपायची.

पारडांचं काय? पारडू जेवढं पितं तेवढं दूध विक्रीतून जातं. रेडा असेल तर तबेल्याला त्याचा उपयोगच नाही. शहरातल्या तबेल्यांत बहुतेक पारडं जगायची नाहीत, कारण त्यांना जगवण्यात कुणाचा फायदा नव्हता. पण पारडू नसलं की म्हैस पान्हा चोरते. त्यावर काही ठिकाणी 'फुका' नावाचा अघोरी प्रकार चालायचा: जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून जबरदस्तीने पान्हा सोडवायचा. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं त्यामागे कलकत्त्यातल्या या प्रकाराची माहिती हेही एक कारण होतं. पुढे गंभीर आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले. १९६० च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्यात फुक्यावर वेगळं कलम आहे, बारावं.

म्हणजे बघा, कुणी एक माणूस दुष्ट होता म्हणून हे घडत नव्हतं. भाकड काळाचा खर्च उचलायला कुणीच नव्हतं, म्हणून घडत होतं.

खुरोडींची वसाहत

आता येतात दारा खुरोडी, मुंबई सरकारचे दूध आयुक्त. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची इतकी ओढाताण झाली की सरकारला स्वतः दूधधंद्यात उतरावं लागलं आणि 'बॉम्बे मिल्क स्कीम' उभी राहिली. खुरोडींची एक युक्ती तर आपण आजही रोज पितो: टोन्ड दूध. म्हशीचं दूध घट्ट आणि महाग. त्यात स्किम पावडर आणि पाणी घातलं की स्निग्धांश कमी होतो, दूध वाढतं, भाव उतरतो, आणि पौष्टिकपणा बराचसा टिकतो. गरिबाला परवडेल असं दूध.

खुरोडींची दुसरी कल्पना याहून मोठी होती. शहरातले तबेले उचलून एका जागी न्यायचे. १९४९ मध्ये गोरेगावच्या डोंगरउतारावर आरेची स्थापना झाली. जवळपास १,३०० हेक्टर जमीन, म्हणजे तीन हजार एकरांहून जास्त. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सरकारने गोठे बांधले, रस्ते काढले, पाणी आणलं, डेअरी उभारली. म्हशी मात्र खासगी मालकांच्याच राहिल्या. मालकाने जागेचे पैसे भरायचे आणि दूध सरकारला घालायचं. बत्तीस युनिटं, सोळा हजारांच्या आसपास जनावरं. गोठ्यातल्या शेणामुताच्या पाण्यावर पॅरा गवत वाढायचं आणि तेच गवत परत म्हशींपुढे.

ज्यांचं लहानपण त्या काळात गेलंय, त्या आजी-आजोबांना विचारा. पहाटे दूध केंद्रासमोरची रांग, हातात दुधाचं कार्ड, काचेच्या बाटल्या आणि त्यांवरची चंदेरी बुचं. मुंबईच्या उपनगरातली एक पिढीच्या पिढी या बाटल्यांवर वाढली. रविवारी त्याच आरेत 'छोटा काश्मीर'ला सहल.

मग आरेने प्रश्न सोडवला का? अर्धा. शहरातली घाण कमी झाली, दुधातली भेसळ आटोक्यात आली, हजारो म्हशींना मोकळी हवा आणि जनावरांचे डॉक्टर मिळाले. पण भाकड म्हशीचा हिशोब आरेतही तोच राहिला. चाऱ्याचा मोठा भाग बाहेरूनच यायचा. गोठा सरकारी असला तरी दूध आटलेली म्हैस उभी ठेवणं मालकाला परवडेना. ताजी व्यालेली म्हैस गावाकडून येतच राहिली.

चारशे किलोमीटरवरचं उत्तर

याच काळात गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात उलटा विचार चालू होता. म्हैस गावातच ठेवायची आणि दूध शहरात पाठवायचं. १४ डिसेंबर १९४६ ला तिथला सहकारी दूध संघ नोंदला गेला आणि १९४८ पासून त्याचं दूध मुंबईच्या योजनेला येऊ लागलं. हाच पुढचा अमूल.

गावात म्हैस भाकड असली तर काय होतं? ती बांधावरचं गवत खाते, ज्वारी-बाजरीचा कडबा खाते, घरातलं उष्टं-खरकटं खाते. तिला सांभाळायला वेगळा पगारी माणूस लागत नाही. जी पेंढी शहरात विकत घ्यावी लागते, ती इथे शेताचंच उरलेलं असतं. पारडी जगवली तर चार वर्षांनी घरचीच नवी म्हैस तयार. म्हणजे तबेलेवाल्याला जो भाकड काळ बुडवत होता, तो एक-दोन म्हशींच्या शेतकऱ्याला पेलत होता.

पण त्याची अडचण वेगळी: दूध कोण घेणार? थंडीत म्हशी भरपूर दूध देतात, उन्हाळ्यात आटतात. मुंबईला बाराही महिने सारखंच दूध हवं. हिवाळ्यातलं जास्तीचं दूध मुंबईची योजना पूर्ण घेईना. त्यावर आणंदमध्ये उपाय निघाला तो पावडरीचा. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी जाणकार म्हणायचे. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला तिथल्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तेही नेहरूंच्याच हस्ते!

गंमत म्हणजे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार तिघांना एकत्र मिळाला: दारा खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीस कुरियन. एकाने म्हैस शहराजवळ आणली, बाकीच्या दोघांनी ती गावातच ठेवली. पुढे इतिहासाने कौल कुणाला दिला, ते आपल्याला माहीत आहे. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. आपल्याकडे १९६३ मध्ये कोल्हापुरात 'गोकुळ' उभं राहिलं, आणि एक-दोन म्हशी बांधणाऱ्या घरांचं दूध टँकरने मुंबईत यायला लागलं. आरेतल्या म्हशींचं महत्त्व हळूहळू ओसरलं. तबेले आणखी लांब, डहाणूजवळच्या दापचरीला न्यायची योजनाही आली. तरी गोरेगाव-जोगेश्वरीच्या काही गल्ल्यांत शेणाचा वास अजून येतोच.

ज्यांची गोष्ट राहून जाते

इथे थांबलो तर गोष्ट अर्धवट राहील. १९४९ मध्ये 'रिकामी' म्हणून जी जमीन घेतली, ती रिकामी नव्हती. तिथे वारल्यांचे आणि इतर आदिवासींचे पाडे होते, आजही आहेत. केलटी पाडा, खांबाचा पाडा, जितुनी पाडा, नवशाचा पाडा. पावसात भात, नंतर भाजीपाला, घरामागे कोंबड्या, एखाद-दोन शेळ्या, आणि वाघोबाला नमस्कार. जून-जुलैत शेवळं, कंटोली, टाकळा घेऊन बाजारात बसणाऱ्या मावशी यांच्यातल्याच.

मुंबईतला खरा अल्पभूधारक शेतकरी कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे. फरक इतकाच की पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, ही इथली जुनी तक्रार आहे. दुधासाठी घेतलेल्या जमिनीवर पुढे चित्रनगरी आली, राखीव पोलीस आले, फोर्स वन आलं. कारशेडसाठी प्रजापूर पाड्यातली घरं हलवली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांवर झाडं रातोरात पडली, तेव्हा सगळ्या शहराला आरे आठवलं. पाड्यांतल्या लोकांना ते सत्तर वर्षं रोज आठवत होतं.

मग चार म्हशी घ्यायच्या का?

घ्या की! मी नाही म्हणणार नाही. पण गुणाकाराआधी भाकड काळ मांडा. म्हशीचं दूध आटेल त्या पाच महिन्यांत तिला काय घालणार आणि ते स्वतःच्या शेतातलं असेल की विकतचं? विकतचं असेल, तर तुम्ही गावात राहूनसुद्धा मुंबईचा तबेलाच चालवताय. दूध डेअरीला घालणार असाल तर हिवाळ्यात भाव पडला तर काय, हे आधी विचारा. एकदम दहा घेऊ नका. दोन घ्या, एक पुढे-मागे विणारी, म्हणजे घरात दूध कधीच पूर्ण थांबणार नाही. आणि पारडी जगवा. तिच्या तोंडचं दूध काढून विकलं तर आज पैसे दिसतील, चार वर्षांनी गोठा रिकामा दिसेल.

शेवटी, जमीन कुणाच्या नावावर आहे तेही बघा. आरेतल्या पाड्यांना विचारलंत, तर ते हा प्रश्न सगळ्यात आधी मांडतील.

आजचा भाग इथेच. गावी गोठा असलेल्या मित्राला पाठवा, आणि तो म्हणाला की "हिशोब चुकलाय", तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात!