चंद्रावरचे पाणी : चाळीस वर्षांची एक शंका

चंद्रावर हवा नाही आणि पाणीही नाही, हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले आणि पुढे विद्यार्थ्यांना शिकवलेही. त्यामागे भक्कम पुरावा होता. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून सुमारे ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली. पृथ्वीवरील अनेक खडकांच्या खनिजांत थोडेफार पाणी बांधलेले असते. चंद्राच्या खडकांत ते जवळजवळ आढळलेच नाही. चंद्र कोरडाठाक आहे, असा निष्कर्ष निघाला.

मात्र काही नमुन्यांत पाण्याचा लेश सापडला होता. अपोलो १६ ने आणलेल्या एका दगडावर तर चक्क गंज दिसला. परंतु चंद्रावरच्या बोचऱ्या धुळीमुळे नमुन्यांच्या काही पेट्यांची झाकणे घट्ट बसली नव्हती, आत हवा शिरली होती. तेव्हा हे पाणी पृथ्वीवरच्या दमट हवेतले असणार, असे स्पष्टीकरण देण्यात आले. ते अवाजवी नव्हते. पाण्याची वाफ ही किती चिवट भेसळ आहे, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझ्यासमोर ते नमुने आले असते तर मीही हेच म्हटले असते.

अडचण पुढे सुरू झाली. १९७६ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना २४ या मानवरहित यानाने जमिनीत खोदून सुमारे १७० ग्रॅम माती आणली. तिच्यात ०.१ टक्का पाणी असल्याचे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. या निष्कर्षाची फारशी कोणी दखल घेतली नाही. ‘भेसळ’ हे उत्तर आधी तपासून पाहिले जात होते. आता ते न तपासताच स्वीकारले जाऊ लागले.

आणखी एक मुद्दा होता. अपोलोची सर्व याने चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूवर, विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या भागात उतरली होती. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्याने ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. तेथे बर्फ टिकून राहू शकेल, असे वॉटसन, मरे आणि ब्राउन यांनी १९६१ मध्येच मांडले होते. १९९८ मध्ये ल्यूनार प्रॉस्पेक्टर यानाने ध्रुवांवरून येणारे न्यूट्रॉन मोजले. एखादी गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली की आपला बराचसा वेग तिला देऊन टाकते. तसाच हायड्रोजनच्या अणुकेंद्रावर आदळणारा न्यूट्रॉन मंदावतो. ध्रुवांवर हायड्रोजन आहे, एवढे यावरून समजले. पण तो पाण्यातलाच आहे कशावरून? हे यान १९९९ मध्ये एका ध्रुवीय विवरात मुद्दाम आदळवले गेले, तेव्हाही पाणी दिसले नाही.

२००८ मध्ये आल्बर्टो साल आणि सहकाऱ्यांनी अपोलोने आणलेले ज्वालामुखीजन्य काचमणी अधिक संवेदनशील उपकरणाने पुन्हा तपासले. पाण्याचे प्रमाण मण्याच्या मध्याशी जास्त आणि कडेकडे कमी होत गेलेले आढळले. बाहेरून शिरलेले पाणी असते, तर हे उलट दिसले असते.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला भारताचे चांद्रयान-१ निघाले. त्यावर नासाचे ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे उपकरण होते. ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सुमारे ३ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त प्रारण शोषून घेतो. चंद्रावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात हेच शोषण दिसले. येथे पृथ्वीवरच्या हवेचा प्रश्न नव्हता, तरी प्रमुख शास्त्रज्ञ कार्ल पीटर्स आणि त्यांच्या गटाला प्रथम उपकरणाचाच दोष वाटला. त्यांनी महिनोन् महिने पडताळणी केली. डीप इम्पॅक्ट यानाने चंद्राजवळून जाताना तेच पाहिले. कॅसिनी यानाने १९९९ मध्ये घेतलेल्या नोंदींतही ती खूण होती. अखेर सप्टेंबर २००९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले. त्यानंतर ९ ऑक्टोबरला नासाने एका अग्निबाणाचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या काबेउस विवरात आदळवला. उडालेल्या धुराळ्यात वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी आढळले. मोजमापातील अनिश्चितता जवळजवळ तीन टक्के होती.

म्हणून चंद्र ओला आहे असे मात्र शिकवू नये. २०२० मध्ये सोफिया या विमानातील दुर्बिणीने क्लेव्हियस विवराच्या उजेडातल्या भागात पाण्याचे रेणू ओळखले. सहारा वाळवंटाच्या मातीत त्याच्या सुमारे शंभर पट पाणी असते. तरीही भावी अंतराळवीरांना ध्रुवीय बर्फापासून पिण्याचे पाणी आणि इंधन मिळू शकेल. २०२३ मध्ये चांद्रयान-३ दक्षिणेकडे, सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरले. दक्षिण ध्रुवाच्या परिसराकडे आज अनेक देशांचे लक्ष लागले आहे, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही रोज असेच काही घडते. लोलकाच्या प्रयोगात एखादे निरीक्षण इतरांशी जुळत नाही. विद्यार्थी ते खोडतो आणि ‘बरोबर’ आकडा लिहितो. बहुतेक वेळा चूक त्याच्या मोजण्यातच असते. पण ती तशी आहे हे त्याने पुन्हा मोजून ठरवायला हवे. निरीक्षण वहीत राहू द्यावे आणि शेजारी शंका लिहावी. अपोलोच्या नमुन्यांतील काही भाग पुढच्या पिढीसाठी न उघडता जपून ठेवलेला होता, आणि जुन्या नोंदीही फेकून दिलेल्या नव्हत्या. चाळीस वर्षांनंतर चूक सुधारता आली, ती अशा जपणुकीमुळेच.