ड्रम ब्रेक ते एबीएस : मोटारसायकलच्या घरगुती ब्रेक-दुरुस्तीचा इतिहास
(विशेष संदर्भ : गिरड, जि. वर्धा)

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. तेथील गोल दगड म्हणजे बाबांच्या शापाने दगड झालेला बंजारा व्यापाऱ्यांचा माल होय, ही आख्यायिका ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही नोंदविलेली आढळते. दर्ग्याला येणारे हिंदू-मुस्लिम भाविक आणि कापूस-सोयाबीन पिकविणारे शेतकरी यांच्या दळणवळणात मोटारसायकलने आज महत्त्वाचे स्थान मिळविले आहे. तथापि वाहनाच्या इतिहासात इंजिनाला जितके स्थान मिळाले तितके ब्रेकला मिळालेले नाही. गाडी चालविणे आणि ती वेळेवर थांबविणे या दोन्ही बाबी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रस्तुत निबंधात ब्रेकच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे घरगुती दुरुस्तीचे स्वरूप व तिची मर्यादा कशी बदलत गेली, याचा आढावा घेण्यात आला आहे.

वर्ध्याची दुरुस्तीविषयक परंपरा :
यंत्र सामान्य माणसाला दुरुस्त करता आले पाहिजे, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यातील अटींनुसार यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी, ते २० वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होऊ नये, असे अपेक्षित होते. पुढे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. मोटारसायकल ही ग्रामोद्योगाची वस्तू नव्हे. परंतु दुरुस्तीचा खर्च व ज्ञान वापरणाऱ्याच्या आवाक्यात असावे, ही कसोटी तिलाही लावता येते.

ड्रम ब्रेकचा कालखंड :
आधुनिक ड्रम ब्रेकचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या लुई रेनॉ यांना (१९०२) दिले जाते. भारतात १९५५ पासून मद्रास येथे बुलेटची जुळणी सुरू झाली. त्यानंतर जावा व राजदूत या गाड्या आल्या आणि १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० ही गाडी बाजारात आली. या सर्व गाड्यांच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते. पॅडल दाबले की रॉड ओढला जातो, कॅम फिरतो, दोन शू फाकतात आणि त्यांवरील लायनर ड्रमला घासते, अशी ही रचना आहे. ती डोळ्यांना दिसते व साध्या पान्याने खोलता येते. त्यामुळे रॉडच्या टोकाचा नट आवळून ब्रेक कसणे, केबलला तेल देणे, चाक काढून ड्रममधील भुकटी पुसणे आणि झिजलेले शू बदलणे ही कामे घराच्या अंगणात होऊ लागली. पूर्वी शूवर रिव्हेट मारून नवे लायनर बसविणारे कारागीरही असत.

या ज्ञानात बारकावे होते. पॅडलला साधारणतः २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवावी लागते. ती कमी झाल्यास शू सतत घासून ड्रम तापतो, तर अधिक झाल्यास ब्रेक उशिरा लागतो. कॅमला किंचित ग्रीस लावावे. मात्र लायनरला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. काळ्या मातीच्या या परिसरात पावसाळ्यात चिखल व पाणी ड्रममध्ये शिरते आणि ओला ब्रेक धरत नाही. अशा वेळी हलका ब्रेक दाबून काही अंतर गाडी चालविल्यास तो कोरडा होतो.

या घरगुती परंपरेची एक दुर्लक्षित बाजूही आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधील भुकटी तोंडाने फुंकण्याची सवय म्हणूनच घातक होती. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केला. परंतु घरी ब्रेक साफ करणारा माणूस त्या चर्चेच्या बाहेरच राहिला. ओल्या फडक्याने पुसणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

डिस्क ब्रेक व सुधारणेची ओढ :
होंडाच्या सीबी ७५० या गाडीने १९६९ मध्ये हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणला. भारतात १९९९ ची सीबीझेड आणि २००१ मध्ये आलेली बजाजची पल्सर यांमुळे पुढील डिस्क ब्रेक तरुणांना परिचित झाला. वेग वाढला होता, त्यामुळे ही गरज वास्तव होती. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाल्यास थांबण्याचे अंतर दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होते.

येथेच जुन्या गाडीला डिस्क बसविण्याची ओढ निर्माण झाली. परंतु हा बदल केवळ एक सुटा भाग बदलण्याचा नव्हे. हब, कॅलिपर धरणारा फोर्क, मास्टर सिलिंडर व होज हे सर्व परस्परांशी जुळावे लागते. शिवाय दाब आता द्रवातून जातो. नळीत हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखा दबतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. त्याऐवजी इंजिन ऑइल ओतल्यास रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. ड्रममधील दोष नजरेस पडत असे. द्रवातील दोष मात्र ब्रेक दाबेपर्यंत लपून राहतो.

कायदा आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेक :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. २००० च्या दुरुस्तीने ते अधिक कठोर झाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस व त्याखालील दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली बंधनकारक झाली. एबीएसमुळे चाक जाम होणे टळते, हा मोठाच लाभ होय. परंतु त्यातील सेन्सर व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण घरच्या पान्याने तपासता येत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमून मोटार क्षेत्राचा त्यात समावेश केला, यामागे हीच परिस्थिती आहे.

निष्कर्ष :
१. ड्रम ब्रेकची घरगुती दुरुस्ती ही केवळ काटकसर नव्हती. ते हाताने व डोळ्याने मिळविलेले तांत्रिक ज्ञान होते.
२. प्रत्येक नव्या रचनेबरोबर सुरक्षितता वाढली. त्याच वेळी मालकाचे वाहनावरील आकलन घटत गेले.
३. योग्य प्रतीचे शू व पॅड, नवी केबल, अचूक चाल आणि वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल हीच घरी करता येण्यासारखी खरी सुधारणा होय. रचनेतील फेरबदल मात्र धोक्याचे व कायद्याने निषिद्ध आहेत.
४. गिरडसारख्या गावात यात्रेच्या गर्दीतून वा चिखलाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा जीव या ज्ञानावर अवलंबून असतो. म्हणून दुरुस्तीची माहिती, योग्य सुटे भाग व प्रशिक्षण ग्रामीण वाहनचालकापर्यंत पोहोचविणे, ही उत्पादक व शासन या दोहोंची जबाबदारी ठरते.