खाऱ्या वाऱ्यात कोणती दुचाकी टिकते? देवगडकरांसाठी रंग, क्रोम आणि गंजाची माहिती

देवगड : राधानगरी-निपाणीकडचा कोणी जुनी दुचाकी बघायला देवगडात आला, तर तो टाकीच्या चकाकीवर भुलत नाही. खाली वाकतो, मधल्या स्टँडला हात लावतो, सायलेन्सरच्या बुडावर नखाने टकटक करतो, मागच्या मडगार्डच्या आतून बोट फिरवतो. बोटाला तपकिरी पापुद्रा लागला की किंमत तिथेच खाली येते. गाडी जेमतेम पाच वर्षांची आणि टाकी आरशासारखी असली तरी. 'किनाऱ्याची गाडी' हा शेरा विकताना महागात पडतो.

तरीही जामसंडे बाजारात किंवा बंदरावर लिलावाची वाट बघत चार गाडीवाले उभे राहिले की चर्चा टाकीच्या रंगावरच येते. जुन्या बुलेटचा रंग जाड होता, आताच्या गाड्यांचा कागदासारखा पातळ, असं एकाचं म्हणणं. स्प्लेंडरला काही होत नाही, असं दुसऱ्याचं. तिसरा अजून आरएक्सच्या आवाजातच अडकलेला. यात थोडं खरं आहे आणि बरंचसं आपापल्या गाडीवरचं प्रेम. खरी गोष्ट अशी की या किनाऱ्यावर गाडी टाकीच्या रंगामुळे मरत नाही. ती मरते जिथे कोणी बघत नाही तिथून.

मीठ गाडीपर्यंत येतं कसं

लाट फुटली की पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं पाणी सुकतं, मिठाचा कण उरतो आणि वाऱ्याबरोबर आत येतो. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये हे प्रमाण सगळ्यात जास्त. म्हणून तारामुंबरी, मिठमुंबरी किंवा कुणकेश्वरला समुद्रालगत उभी असणारी गाडी आणि शिरगाव-तळेबाजारला उभी असणारी गाडी एकाच दिवशी शोरूममधून निघाली तरी पाच वर्षांनी सारखी दिसत नाही.

मिठाचा दुसरा गुण घरातल्या मिठाच्या बरणीवरून कळतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात तर दिवसभर आणि एरवीही पहाटेच्या वेळी आपल्याकडे इतका दमटपणा असतोच. म्हणजे पडवीत कोरडी ठेवलेली गाडीसुद्धा रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते.

इथे एक उलटी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पावसाने धुतला जाणारा भाग तुलनेने वाचतो, कारण मीठ वाहून जातं. पाऊस पोहोचत नाही तो भाग सडतो. मडगार्डची आतली बाजू, नंबरप्लेटच्या मागे, सीटखालची चौकट, साखळीच्या कव्हराच्या आत मीठ साठत राहतं. प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून गाडी ठेवणारे तर ओल आत कोंडूनच ठेवतात. कापडी, हवा खेळणारं कव्हर बरं, नाहीतर नुसतं छप्पर पुरे.

रंग म्हणजे नक्की किती थर

कारखान्यात चौकट आणि पत्र्याचे भाग आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग बऱ्याच भागांना रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात, म्हणजे प्रायमर सांध्याकोपऱ्यातही जाऊन बसतो. चौकटीवर किंवा स्विंग आर्मवर काही ठिकाणी पावडर कोटिंग असतं, ते भट्टीत भाजून पक्कं होतं. टाकीवर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर स्टिकर आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. एवढं सगळं मिळून जाडी भरते ती एक दशांश मिलिमीटरच्या आसपास.

जुना रंग जाड म्हणून चांगला, हे म्हणणं इथे अडतं. जाडीपेक्षा महत्त्वाचं असतं ते खाली काय आहे आणि सांध्यात प्रायमर पोहोचला का. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता हे मात्र खरं. त्यामुळे गंज लागूनही त्या आरपार जायला वेळ घ्यायच्या आणि माणसाला वाटायचं रंग चांगला. बुलेटच्या टाकीवरचे सोनेरी पट्टे चेन्नईच्या कारखान्यात हाताने ओढतात, त्या कारागिरीला तोड नाही. पण त्या पट्ट्याने खालचा पत्रा वाचत नाही.

पावडर कोटिंगचं वागणं वेगळं. ते चिवट असतं, पण एकदा दगड लागून टवका उडाला की ओल त्याच्या खाली खाली सरकत जाते आणि काही महिन्यांनी पापुद्राच सुटून येतो. मॅट रंग सध्या पोरांना आवडतो. त्याला पॉलिश चालत नाही, घासलं तर तिथेच चमकदार डाग पडतो आणि ओरखडा बुजवता येत नाही. लाल रंग उन्हात लवकर विटतो. चंदेरी आणि राखाडी रंगावर जांभ्याची धूळ कमी दिसते, काळ्यावर प्रत्येक बोट उठून दिसतं. जांभ्याचा लाल रंग मुळात लोखंडाच्या गंजाचाच, त्यामुळे चाकाजवळचा तांबूसपणा धुळीचा की पत्र्याचा, हे धुतल्याशिवाय इथे कोणालाच सांगता येत नाही.

क्रोमबद्दल मोठा गैरसमज आहे. चमकणारा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. लोखंडाला खरं वाचवतो तो त्याखालचा निकेलचा थर. निकेल हात राखून दिलेलं असेल तर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून गंज बाहेर येतो आणि महिन्याभरात रिमवर पुरळ उठल्यासारखं दिसतं. समुद्राजवळ राहणाऱ्याने क्रोमच्या रिम आणि तारांच्या चाकापेक्षा अलॉय चाक घेतलेलं बरं. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर येते, पण तार तुटून चाक डगमगण्याची भीती नाही. अर्थात अलॉय खड्ड्यात आपटून तडकलं तर बदलावंच लागतं, तारेचं चाक आऊट काढून सरळ करता येतं. सड्यावरच्या कलमांच्या बागेत रोज जाणाऱ्याने याचा विचार करावा.

कोणाची मजा कशात

येझदी-जावा म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत बनली. किक मारायचा दांडा तोच गिअरचा दांडा, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. राजदूत १७५ दूधवाल्यांची आणि ओझेवाल्यांची. तिचीच धाकटी 'बॉबी' १९७३ च्या सिनेमामुळे गाजली, पण घाटात ओझं ओढायची ती थोरलीच. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ इतकीच वर्षं बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि हलकं अंग, त्यामुळे फोंडा घाटाच्या वळणातून बाहेर पडताना ती जी उसळी घेते ती आजच्या दीडशे सीसीवाल्यालाही हेवा वाटावा अशी. म्हणून तिला आज मागणी.

या टू-स्ट्रोक गाड्यांचे सायलेन्सर आतून फारसे का सडले नाहीत, याचं कारण रंगात नाही. पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, त्याचा तेलकट काजळीचा लेप आत बसायचा. फोर-स्ट्रोकमध्ये तो लेप नाही. आणि एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. गाडी लांब चालली तर वाफ बाहेर निघते. देवगड ते जामसंडे एवढंच फिरवलं तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी बुडाशी साठतं आणि नळी आतून खात जाते. बाहेरून काळा रंग ठणठणीत दिसतो आणि एक दिवस बोट आत जातं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यामुळे पूर्वीसारखा स्वस्तात सायलेन्सर बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा नांदगावपर्यंत तरी एका दमात गाडी न्यावी, बुडाचं पाणी निघायचं बारीक भोक चिखलाने बुजलं नाही ना ते बघावं.

स्प्लेंडर १९९४ ला आली, ९७.२ सीसीची. तिच्यात उसळी नाही, आवाज नाही. मजा एवढीच की आंब्याच्या हंगामात ती कधी नाही म्हणत नाही आणि पाडेलपासून मिठबावपर्यंत कुठल्याही गॅरेजात तिचा भाग मिळतो. २००१ ला पल्सर आली आणि तरुणांच्या बोलण्यातला विषय मायलेजवरून पिकअपवर गेला. बुलेटवाल्याचं सुख वेगळं, तो हळू जातो आणि सगळ्यांना दिसतो. मासे विकणाऱ्यांनी एकेकाळी बजाज एम-८० पसंत केली, आता टीव्हीएस एक्सएल दिसते. कारण पुढे मोकळी जागा, मागे पेटी, आणि गाडी सडली तरी जीव हळहळत नाही. प्लास्टिकच्या बॉडीला लोक नावं ठेवतात. इथे मात्र प्लास्टिकचं मडगार्ड हे वरदानच म्हणायचं.

बागायतदार आणि मच्छीवाले, दोघांनी जास्त जपावं

माशाच्या पेटीतून गळणारं बर्फाचं पाणी म्हणजे मिठाचं पाणीच. ते नेमकं मागच्या ब्रेकवर, साखळीवर आणि स्विंग आर्मवर पडतं. पेटीखाली रबरी चटई आणि पाणी बाजूला काढणारी नळी एवढा खर्च केला तरी मागचा भाग बराच वाचतो.

बागायतदाराचे शत्रू वेगळे. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतात, ते लोखंडी भांड्यात करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. मोरचूद लोखंडाला खातं म्हणून. तेच शिंतोडे गाडीच्या कॅरिअरवर पडले तर मात्र कोणी बघत नाही. पोटॅशची फाटकी गोणीही तशीच, तीही एक प्रकारचं मीठच. आणि कलमाखाली सावलीला गाडी लावली की देठाचा चीक टाकीवर पडतो. आंब्याच्या सालीवर काळा डाग पाडणारा चीक लॅकरवर सुकला तर डाग उठत नाही. लगेच ओल्या फडक्याने काढावा, सुकल्यावर नखाने खरवडू नये. काजूचं तेल मात्र गाडीच्या कामी येतं. सालीच्या ज्या तेलाने हात भाजतात, त्याच्यापासून तयार केलेली भुकटी आणि राळ ब्रेक लायनरमध्ये वापरतात.

धुताना होणारी चूक

खाडीकाठच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याच पाण्याने रोज गाडी धुणारा माणूस रोज तिला मीठ लावत असतो. शेवटचं पाणी तरी गोडं हवं. कपड्याच्या पावडरीने मेणाचा थर निघून जातो, गाडीचा शाम्पू नसेल तर नुसतं पाणी बरं. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर आणि साखळीवर थेट मारू नये. डिझेलने पुसलं की गाडी चार दिवस चमकते, पण रबर फुगतं. मडगार्डच्या आतून जुनं ऑइल फासायची पद्धत घाणेरडी दिसली तरी पत्र्याला उपयोगी पडते. फक्त ते टायर आणि ब्रेकला लागता कामा नये. मे अखेरीस हे एकदा करून घ्यावं.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लोखंडी टाकी अर्धी ठेवू नये. रिकाम्या जागेत ओल धरते, आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं.

नवा रंग मारण्याआधी

घराच्या ग्रीलला मारतात तो रेड ऑक्साइड आणि वर एनामल, एवढ्यावर गाडीची चौकट टिकत नाही. गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासून, इपॉक्सी प्रायमर लावून, मग हार्डनर मिसळलेला रंग, असा क्रम हवा. आषाढात रंगकाम काढू नये, ओल खाली अडकून पुढे फोड येतात. दसऱ्यानंतरची कोरडी हवा चांगली. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरसी पुस्तकातली नोंदही बदलावी लागते, त्यासाठी ओरोसच्या आरटीओ कार्यालयात अर्ज करावा लागतो. अन्यथा तपासणीत आणि विकताना दोन्हीकडे अडचण.

जुनी एमएच-०७ घेणाऱ्याने खिशात लोहचुंबक ठेवावं. टाकीच्या खालच्या कडेला ते पकडत नसेल तर आत लांबी भरलेली आहे. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर नख फिरवावं. तिथे खड्डे असतील तर ऑइल सील फाटणार आणि ऑइल पुढच्या ब्रेकवर उतरणार. ब्रेकची केबल दाबून बघावी, आतली तार गंजलेली असेल तर कर्र आवाज येतो. ती तार तुटते तेव्हा गाडी बहुतेक उतारावर असते. स्टँड, फूटरेस्ट आणि स्विंग आर्मचे वेल्डिंगचे सांधे हातोडीच्या दांड्याने ठोकावेत. आवाज बद्द आला तर गाडी सोडून द्यावी, टाकी कितीही चमकत असली तरी. नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज आणि गंजाची भरपाई मिळत नाही, आणि नव्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत गंजाबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी शोरूममध्येच वाचून घ्यावं.